गाण्यात मरणाऱ्याला नाव असतं का?

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

या महिन्यात गाण्यांबद्दल तीन पत्रं आली. तिघं एकमेकांना ओळखत नाहीत, पण तिन्ही पत्रं सोलापुरातली आहेत आणि तिन्हींत काळजी एकच आहे, म्हणून एकत्र घेते. पहिल्या पत्राला जास्त जागा लागेल.

प्रश्न: बाई, नमस्कार. मी विडी घरकुलात राहते. विड्या वळते, नवरा मागावर आहे. आम्ही घरात तेलुगू बोलतो, हे पत्र पुतणीनं लिहून दिलंय. माझा मुलगा दहावीला आहे. वर्षभर झालं, सारखी कानात वायर घालून बसतो. हिंदी, पंजाबी गाणी. ठोकून टाकीन, गोळी घालीन, शिव्या, हेच असतं त्यात. परवा त्यानं कोपऱ्यावरच्या नारळवाल्याचा कोयता खांद्यावर घेतला, मित्राकडून रील काढून घेतली आणि मागं तसलंच गाणं लावलं. माझ्या दिरानं ती बघितली आणि मोबाईल फरशीवर आपटून फोडला. तेव्हापासून पोरगा कुणाशी बोलत नाही. जेवायला हाक मारली की ताट घेऊन बाहेर पायरीवर जाऊन बसतो. आजवर त्यानं कुणावर हात उचललेला नाही. धाकट्या बहिणीची शाळेची वेणीसुद्धा तोच घालतो, कारण सकाळी मला माल द्यायला जावं लागतं. या गाण्यांनी पोरगं बिघडतं का? मोबाईल परत घेऊन द्यावा का?

उत्तर: ताई, धाकटीची वेणी तो घालतो, हे तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंत. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. ते मनात ठेवूनच लिहिते आहे.

गाण्याचा काहीच परिणाम होत नाही, असं मी म्हणणार नाही. मी एकतीस वर्षं पूर्व भागातल्या एका शाळेत मराठी शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं शाळेचं लेझीम पथक बसवलं. वर्गात पाच मिनिटं नीट न बसणारी पोरं हलगी वाजली की ऐंशी जणांच्या रांगेत एका पावलात चालायची. ठेका अंगात शिरतो, हे मला कुणी वेगळं सांगायला नको. तुमच्या मुलाला पंजाबी येत नसेल, निम्मे शब्द त्याला कळतही नसतील, तरी त्या गाण्यातली छाती काढून चालण्याची ढब त्याला बरोबर कळते.

अभ्यास करणाऱ्यांनीही हे तपासलंय. २००३ साली अमेरिकेत अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉलेजच्या पाचशेहून जास्त मुलामुलींवर पाच प्रयोग केले. काहींना मारामारीची गाणी ऐकवली, काहींना हिंसा नसलेली. एका प्रयोगात मग अक्षरं गाळलेले शब्द पूर्ण करायला दिले. आपल्या भाषेत सांगायचं तर ‘मा’ लिहून पुढची जागा मोकळी सोडली, तर कुणी ‘माळ’ लिहील, कुणी ‘मार’. मारामारीची गाणी ऐकून आलेल्यांना ‘मार’सारखे शब्द जास्त सुचले. गाणं गमतीचं असलं तरी तेच झालं. अशी गाणी ऐकली की मनातली वाफ निघून जाते, असं पोरं सांगतात. ती वाफ निघून गेल्याचं त्या प्रयोगांत दिसलं नाही. मात्र हा असर थोडाच वेळ टिकणारा असू शकतो, हेही त्याच लोकांनी लिहून ठेवलंय. आणि मोजलं होतं ते मनात काय उमटलं ते. हातून काय घडलं, ते नाही.

हातून काय घडतं हे पाहणारा एक प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. २००६ साली फिशर आणि ग्राइटेमायर या दोघांनी काही पुरुषांना बायकांची नालस्ती करणारी गाणी ऐकवली, काहींना साधी. नंतर दुसऱ्या एका माणसाला तिखट सॉस किती चाखायला द्यायचा, हे त्यांनाच ठरवायला सांगितलं. नालस्तीची गाणी ऐकलेल्या पुरुषांनी समोर बाई असली की जास्त तिखट वाढलं. एवढंच. कुणाचं डोकं फुटलं नाही, पण चमचा जड झाला. मला त्या कोयत्यापेक्षा या चमच्याची काळजी वाटते. तुमच्या मुलाच्या हातात बंदूक कधी येणार नाही. शाळेच्या रस्त्यावर, बस स्टॉपवर, क्लासमध्ये मुली मात्र त्याला रोज भेटणार आहेत. ज्या गाण्यात मुलीला ‘माल’ म्हणतात, ते त्यानं शंभर वेळा ऐकलं तर त्या शब्दाचं त्याला काही वाटेनासं होईल, ही माझी भीती आहे.

आता एक गोष्ट मला स्वतःला फार वर्षं सतावत होती. हिंसेची गाणी वाईट म्हणायची, तर मी वर्गात काय शिकवत होते? अज्ञानदासाचा अफजलखानाच्या वधाचा पोवाडा आपल्याकडच्या उपलब्ध पोवाड्यांत सगळ्यात जुना मानतात. घटना १६५९ सालची. त्यात रक्त आहे, वार आहेत. कोजागरीला सोलापुरातून हजारो माणसं रात्रभर चालत तुळजापूरला जातात, वाटेत देवीची गाणी म्हणतात, त्या गाण्यांत महिषासुर मारला जातो. मी स्वतः आठ वेळा चालले आहे. माझ्या शेजारून चालणाऱ्या बायका पाय सुजले तरी गात होत्या, आणि पहाटे एकमेकींना पाणी पाजत होत्या.

मग फरक कुठं आहे? मला सापडलेलं उत्तर असं आहे. पोवाड्यात मरणाऱ्याला नाव असतं. तो कुठून आला, काय बोलला, त्याच्यामागं केवढं सैन्य होतं, हे शाहीर सांगतो. मारणाऱ्यालाही भीती असते. भेटीला निघण्याआधी तो मागची निरवानिरव करून जातो. मारण्याला कारण असतं आणि किंमत असते. खानाची कबर प्रतापगडाच्या पायथ्याशी आहे, मेल्यावर त्याला जमीन मिळाली. तुमच्या मुलाच्या गाण्यात मरणारा कोण असतो? नुसता ‘दुश्मन’. त्याला नाव नाही, गाव नाही, घरी वाट बघणारं कुणी नाही. तो मेल्यावर गाणं तिथं थांबत नाही, लगेच गाडीबद्दल, गळ्यातल्या सोन्याबद्दल बोलायला लागतं. माझा आक्षेप रक्ताला नाही, त्या रक्ताचं कुणालाच काही वाटत नाही, याला आहे.

ताई, आता कठीण वाटेल ते लिहिते. तुमच्या पत्रात खरीखुरी हिंसा एकदाच झाली आहे आणि ती गाण्यात झालेली नाही. मोबाईल फुटला तेव्हा झाली आहे. दिरांना काळजीच वाटली असणार, याबद्दल मला शंका नाही. पण राग आला की हाताला लागेल ते आपटायचं, हे पोरानं गाण्यातून नाही, घरातल्या मोठ्या माणसाकडून पाहिलं.

हे मी तुम्हाला सुनावते आहे असं समजू नका, कारण मी हेच केलंय. १९९६ साली नववीच्या वर्गात एका मुलाच्या दप्तरात मला इंग्रजी गाण्यांची कॅसेट सापडली. वर कवटीचं चित्र. मी सगळ्या वर्गासमोर आतली टेप ओढून काढली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. दुसऱ्या दिवसापासून तो लेझमीला यायचा बंद झाला. पुढं कळलं की कॅसेट त्याच्या मावसभावाची होती आणि तिचे पैसे फेडायला तो तीन रविवार एका कारखान्यात मागाच्या कांड्या भरत होता. त्या मुलाच्या पाठीवर वळ असायचे. शर्ट वर सरकला की दिसायचे, मी पाहिलेही होते. त्याबद्दल मी त्याला एकदाही विचारलं नाही. कॅसेटबद्दल मात्र पंधरा मिनिटं बोलले. आज तो कुठं आहे, मला माहीत नाही. नवी पेठेतून जाताना त्या वयाचा कुणी दिसला की मी चेहरा निरखून बघते.

तर काय करायचं? रील पहिल्यांदा काढून टाकायला लावा, आजच, दुसऱ्याच्या फोनवरून का होईना. हत्यार मिरवणाऱ्या रीलवरून, तलवारीनं केक कापल्यावरून महाराष्ट्रात पोलिसांनी गुन्हे दाखल केलेले आहेत आणि अठरा वर्षांखालच्या मुलालाही बाल न्याय मंडळापुढे उभं राहावं लागू शकतं. हे त्याला धमकी म्हणून नको, माहिती म्हणून सांगा. कोयता घ्यायचं कुणी सुचवलं, रील काढणारा मित्र कोण, ती बघून किती जण ‘भारी’ म्हणाले, हे त्याला विचारा. मला वाटतं खरी गोष्ट तिथं आहे. गाणं कुठलंही असो, ‘भारी’ म्हणणारी चार पोरं कोण आहेत, यावर पुढचं ठरतं.

मोबाईल परीक्षेपर्यंत साधा, बोलण्यापुरता द्या. दिरांनी ‘फोडायला नको होता’ एवढं एक वाक्य त्याच्यासमोर म्हणावं. म्हणतील का, ते तुम्हीच जाणता, पण प्रयत्न करा. आणि एखाद्या संध्याकाळी तुम्ही सूप मांडीवर घेऊन विड्या वळत असाल तेव्हा त्याला म्हणा, तुझं ते गाणं घरातल्या कुणाच्या फोनवर मोठ्यानं लाव, मलाही ऐकव. तो लाजेल, काही ओळी पुढं ढकलेल. ज्या ओळी तो आईसमोर पुढं ढकलतो, त्या ओळींबद्दल त्याला आतून माहीत आहे असं समजा. मग तेलुगूत त्याला एवढंच विचारा: यातला मेलेला कोण होता रे? उत्तर आलं नाही तरी चालेल. ओरडू नका. तो पायरीवर जेवायला बसला तर दोन दिवस तुम्हीही ताट घेऊन पायरीवर बसा.

प्रश्न: मी १९ वर्षांचा, साखर पेठेत राहतो, कॉमर्सला आहे. मी रॅप लिहितो, आपल्या सोलापुरी मराठीत. बंद पडलेल्या मिल, आजोबांची गेलेली नोकरी, असं सगळं. शिव्या पण आहेत, कारण आम्ही बोलतो तसंच लिहितो. वडील म्हणतात ही गुंडांची गाणी, तू पण तसलाच होणार बे. हिंसक गाणी ऐकणारे, लिहिणारे सगळे तसलेच असतात का? सोळा ओळी सोबत पाठवतो आहे.

उत्तर: नाही. आणि हे मी तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही.

ऑस्ट्रेलियात मॅक्वारी विद्यापीठात २०१९ साली एक अभ्यास झाला. अत्यंत हिंसक शब्दांचं, डेथ मेटल नावाचं कर्कश संगीत ऐकणारे ३२ चाहते आणि ते न ऐकणारे ४८ जण घेतले. गाणं चालू असताना एका डोळ्यापुढं हिंसेचं चित्र आणि दुसऱ्यापुढं साधं, असं एकाच वेळी दाखवलं. आपलं मन धोक्याच्या चित्राकडं आधी वळतं. चाहत्यांची नजर मेली असती तर त्यांचं मन तसं वळलं नसतं. ते इतरांइतकंच वळलं. ऑस्ट्रेलियातच क्वीन्सलंडमध्ये २०१५ साली अशा कर्कश संगीताच्या ३९ चाहत्यांना आधी मुद्दाम राग येईल असं बोलतं केलं, मग काहींना त्यांचं संगीत ऐकू दिलं, काहींना शांत बसवलं. संगीतानं राग वाढला नाही. उलट त्यांना उभारी आल्यासारखं वाटलं. वर पहिल्या उत्तरात अँडरसनचे प्रयोग सांगितलेत, त्यांच्याशी हे पूर्ण जुळत नाही, हे मला दिसतंय. एक फरक मात्र ठळक आहे. तिकडं गाणं प्रयोग करणाऱ्यांनी निवडून ऐकवलं होतं, इथं ऐकणाऱ्यांचं ते स्वतःचं, आवडीचं संगीत होतं.

रॅप लिहिणारा गुंडच, हे समीकरण कोर्टातसुद्धा मांडलं जातं. अमेरिकेत आरोपीच्या गाण्याच्या ओळी पुरावा म्हणून वाचून दाखवायचे. कॅलिफोर्नियानं २०२२ साली कायदा करून त्याला आळा घातला. हे वडिलांना सांग, पण भांडणात नको.

राग गाण्यात आणणं हे आपल्या जिल्ह्याला नवं नाही. शाहीर अमर शेख बार्शीचे, जन्म १९१६ चा. गिरणीत राबलेला माणूस. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या आवाजानं मैदानं पेटायची. त्या आवाजात राग होता आणि तो कुणावर आहे हे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळायचं.

आता तुझ्या ओळी. पहिल्या चौदा मी मोठ्यानं वाचल्या. आजोबा भोंगा होत नसतानाही पहाटे उठून डबा भरायला सांगतात, ती ओळ वाचून मला माझे वडील आठवले. आमच्या घरात दोन माग होते, ते विकल्यावर घर इतकं गप्प झालं की त्यांना झोप येत नसे. त्या ओळीजवळची शिवीसुद्धा मला खटकली नाही, ती तिथं हवीच. पण शेवटच्या दोन ओळींत तू एकदम वळतोस आणि नकार देणाऱ्या मुलीला ‘बघून घेईन’ म्हणतोस. तो राग गिरणीचा नाही. तिनं तुझ्या आजोबांची नोकरी घेतलेली नाही. यमक जुळत होतं आणि बाकीची गाणी असंच म्हणतात, म्हणून ती ओळ आली असावी. मराठी मुलींना ‘बघून घेईन’ म्हणजे काय ते चांगलं माहीत असतं, त्यांना ते ऐकून रस्ता बदलावा लागतो. त्या दोन ओळी काढ. चौदा ओळींचं गाणं चालतं. आणि वडिलांना ते ऐकव, डब्याची ओळ येईपर्यंत त्यांनी थांबावं एवढीच अट घाल.

प्रश्न: मी निवृत्त आहे, जुळे सोलापूरला राहतो. मिरवणुकीत भिंतीएवढे साऊंड लावून खून-मारामारीची गाणी वाजतात, खांद्यावरची चार वर्षांची लेकरं त्यावर हात नाचवतात. सरकार अशा गाण्यांवर सरसकट बंदी का घालत नाही?

उत्तर: काका, बंदीचा प्रयोग पंजाबात झालाय. तिथल्या उच्च न्यायालयानं २०१९ साली पोलिसांना बजावलं की दारू, नशा आणि हिंसेचा उदो उदो करणारी गाणी कार्यक्रमांतसुद्धा वाजू देऊ नका. नोव्हेंबर २०२२ मध्ये सरकारनंही बंदुकांचं कौतुक करणाऱ्या गाण्यांवर बंदी जाहीर केली. तरी वरच्या पत्रातला विडी घरकुलातला मुलगा वर्षभर पंजाबी गाणी ऐकत होताच. कानातल्या वायरपर्यंत हुकूम पोचत नाही. गाण्यांच्या ॲपवर शिव्या असलेल्या गाण्यापुढं इंग्रजी ‘ई’ अक्षर दिसतं आणि काही ॲपमध्ये अशी गाणी बंद ठेवायची सोय असते. लहान मुलांच्या घरात ती जरूर वापरावी.

चौकातला साऊंड मात्र वेगळा. तिथं मी तुमच्या बाजूनं आहे, कारण तिथं ऐकणाऱ्याला ‘नको’ म्हणता येत नाही. आवाजाचे नियम २००० सालापासून आहेत: राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद; सणांपुरती मोजके दिवस सरकार त्यात सूट देतं, तेवढीच. तक्रार करायची तर आवाजाची करा, शब्दांची नको. शब्दांवरून वाद होतो, आकड्यावरून होत नाही.

आणि शब्दांसाठी मंडळाकडंच जावं लागेल. वर्गणीची पावती फाडायला पोरं येतात ना, तेव्हा पैसे हातात ठेवण्याआधी गाण्यांची यादी मागा. मी आमच्या गल्लीत गेल्या वर्षापासून मागते. पहिल्यांदा पोरं हसली. मग एकानं यादी आणली आणि खांद्यावर लेकरू घेऊन कुठल्या गाण्यावर नाचायला लाज वाटेल, ते तुम्हीच सांगा, असं मी म्हटलं. तीन गाणी त्यांनी स्वतःच खोडली. चौथ्यावर वाद झाला, तो अजून मिटलेला नाही. मिरवणुकीच्या पुढच्या भागात पुन्हा लेझीम धरायचं, असंही त्यांच्यातलेच दोघं म्हणताहेत, फक्त हलगीवाला ठरत नाहीये. येत्या रविवारी त्यासाठी सगळे माझ्या ओट्यावर जमणार आहेत.